शाळेची वाट आणि मुलांचे स्वावलंबन

संस्थेच्या स्मरणिकेसाठी शिक्षणविषयक लेख द्यावा, असा निरोप आला तेव्हा परीक्षापद्धती, अभ्यासक्रम, शिस्त असे नेहमीचे विषय आमच्या डोळ्यांपुढे आले. या विषयांवर लिहिणारे पुष्कळ आणि वाचणारे थोडे, हा अनुभव जमेस धरून आम्ही ते बाजूला ठेवले. त्याऐवजी पहिली घंटा होण्यापूर्वीच्या अर्ध्या तासासंबंधी लिहीत आहोत. मूल घराचा उंबरठा ओलांडते आणि शाळेच्या फाटकात शिरते, त्या मधल्या वेळात ते कोणाबरोबर असते, कशाने येते, आणि एकटे येत नसेल तर का येत नाही, हा तो विषय होय.

आमच्या भागातील कोणत्याही शाळेच्या फाटकाशी सकाळी पाच मिनिटे उभे राहून पाहावे. स्कूटरवर पुढे एक, मागे दोन अशी भावंडे येतात. ऑटोरिक्षांतून दप्तरे बाहेर लोंबत असतात आणि मुले आत दाटीवाटीने बसलेली असतात. पिवळी बस येते, तिच्यातून टाय लावलेली मुले उतरतात. मग काही पायी येणारी, आणि सर्वांत शेवटी धुळीने माखलेल्या सायकलींवरून खेड्यांतली मुले-मुली. आम्ही या दृश्याकडे बरीच वर्षे पाहत आहोत. त्यातून एक गोष्ट ध्यानात आली, ती अशी की जे मूल शाळेपासून हाकेच्या अंतरावर राहते ते वाहनावर बसून येते, आणि जे तीन-चार किलोमीटरांवरून येते ते स्वतःच्या पायांच्या बळावर येते. अंतर आणि वाहन यांचा संबंध उलटा झाला आहे. तेव्हा हा प्रश्न केवळ अंतराचा नाही. तो ऐपतीचा आहे, आणि त्याहून अधिक आपल्या मनाच्या ठेवणीचा आहे.

एवढे मात्र लक्षात ठेवले पाहिजे की स्कूटर आणि बस म्हणजे सारा देश नव्हे. २०१७-१८ साली केंद्र सरकारच्या राष्ट्रीय नमुना पाहणीत विद्यार्थी शाळा-महाविद्यालयांत कसे जातात हे विचारले गेले, तेव्हा दहापैकी सुमारे सहा विद्यार्थी पायीच जातात असे दिसून आले. आपल्या वर्तमानपत्रांत पालकांच्या चिंतांवर जे लिहून येते ते बहुधा उरलेल्या चौघांविषयी असते.

आमचे बालपण सौंसरात गेले. पहाटे मक्तब, नंतर घरी येऊन चहा-पोळी, आणि मग शाळा, असे दिवसातून दोनदा आम्ही घरातून निघत असू. अम्मी दारापर्यंतही येत नसे; चुलीपुढूनच हाक मारून "टोपी घेतली का?" एवढे विचारी. वाटेत शिंप्याचे दुकान, पिठाची गिरणी, तेल्याचा ओटा आणि एक कायम चिडलेली म्हातारी. त्या म्हातारीच्या बोरीवर दगड मारला तर ती बातमी आम्ही घरी पोहोचण्यापूर्वी पोहोचलेली असे. आम्हांस वाटे आपण एकटे चाललो आहोत. आज कळते की त्या अर्ध्या मैलात आमच्यावर निदान वीस जणांची नजर होती, आणि त्या विसांपैकी कोणासही आमचा कान पिळण्याचा अधिकार होता. शिंपी हिंदू, गिरणीवाला मुसलमान, म्हातारी कोण होती हे आम्ही कधी विचारलेच नाही; कान पिळताना कोणी जात विचारीत नसे.

रामाकोना आणि लोधीखेड्याकडची मोठी मुले छोट्या गाडीने येत. नागपूर-छिंदवाडा हा अडीच फुटी रुळांचा मार्ग तेव्हा चालू होता. गाडीची चाल बैलगाडीहून थोडी अधिक, असे म्हणून आम्ही त्या मुलांची थट्टा करीत असू. पण मनातून त्यांचा हेवा वाटे. वेळ पाळणे, पास सांभाळणे, गाडी चुकली तर कोणाच्या ओळखीने रात्र काढायची हे ठरवणे, ही कामे ती चौदा-पंधरा वर्षांची पोरे स्वतः करीत. त्यांच्यापैकी एकाने आम्हांस शिकवले की परका मनुष्य काही खायला देत असेल तर "रोजा आहे" किंवा "उपास आहे" म्हणावे, म्हणजे त्यास राग येत नाही. हे कोणत्या पाठ्यपुस्तकात आहे? २०१५ सालच्या अखेरीस ती छोटी गाडी बंद झाली आणि तेथे मोठ्या लाइनचे काम सुरू झाले. पांढुर्ण्यास मोठी लाइन आधीपासूनच होती. पण मोठ्या लाइनवरच्या गाड्या लहान गावांच्या शाळेच्या वेळा पाहून धावत नाहीत.

येथे जुन्या काळाचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. त्या काळी मूल मोकळे होते, याचे एक कारण असे की त्याच्याकडे पाहण्यास कोणास सवड नव्हती. गुरे राखणे, धाकट्याला कडेवर घेणे, विहिरीचे पाणी भरणे यास कोणी स्वातंत्र्य म्हणणार असेल तर म्हणो. नदीत, विहिरीत बुडालेली मुलेही त्याच काळातली. आणि आमच्या बहिणी त्या वाटेवर पाचवीपर्यंतच होत्या. त्यानंतर त्यांची वाट घरातल्या घरात सुरू होऊन घरातच संपे.

मुलांच्या अंगी धाडस किती असते याविषयी महाराष्ट्राच्या चरित्रग्रंथांत दोन प्रसंग आहेत. पहिला महर्षी धोंडो केशव कर्वे यांचा. १८७५ साली, सतरा वर्षांचे असताना, परीक्षेस बसण्यासाठी ते मित्रांसह कोकणातल्या मुरूडहून साताऱ्यास पायी गेले. भर पावसात, सह्याद्री चढून, सुमारे ११० मैल. तेथे पोहोचल्यावर परीक्षा घेणाऱ्यांनी त्यांच्याकडे पाहिले आणि हा मुलगा सतरा वर्षांचा दिसत नाही म्हणून परत पाठवले. एवढी वाट तुडवून आलेला मुलगा 'लहान' ठरला, आणि ठरवणारे बसल्या जागेवरून उठलेही नव्हते.

दुसरा प्रसंग डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वतः लिहून ठेवला आहे. १९०१ च्या सुमारास भीमराव, त्यांचा भाऊ आणि बहिणीची दोन मुले अशी चौघे साताऱ्याहून वडिलांना भेटण्यासाठी कोरेगावास आगगाडीने निघाली. नवे कपडे, जवळ पैसे, अंगात उत्साह. मसूर स्टेशनवर उतरली तर घ्यावयास कोणी आले नव्हते. ही मुले महार आहेत असे कळताच एकही गाडीवान त्यांना नेण्यास तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे देऊन, बैलगाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवानाने बाजूने पायी चालायचे, या बोलीवर ती निघाली. रात्रभर त्यांस प्यायला पाणी मिळाले नाही. हा प्रसंग आम्ही वर्गात सांगतो तेव्हा मुले विचारतात, "सर, इतक्या लहान मुलांना एकटे कसे पाठवले?" प्रश्न रास्त आहे. पण त्या चौघांस प्रवास जमत होता. जमू दिला नाही तो वडीलधाऱ्यांच्या जगाने. मुलाला एकटे सोडता येईल की नाही, हे मुलाच्या वयावर जितके अवलंबून असते त्याहून अधिक वाटेवरच्या माणसांवर अवलंबून असते. हा मुद्दा पुढेही लागणार आहे.

आता आपल्या गावात बदल झाला तो कसा, ते पाहू. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याखालील केंद्राच्या नियमांत पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरांच्या आत असावी, असे धरलेले आहे. म्हणजे लहान मुलाने चालत शाळेत जावे अशीच ती कल्पना. परंतु पालक जवळची शाळा सोडून दूरची इंग्रजी शाळा निवडतात. त्यात त्यांना दोष देता येत नाही. आपला भाग मराठी भाषकांचा, १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि आपण मध्यप्रदेशात राहिलो, २०२३ साली पांढुर्णा हा सौंसरसह स्वतंत्र जिल्हा झाला तरी कचेरीची भाषा हिंदीच. घरी मराठी, शाळेत हिंदी, आणि नोकरीसाठी इंग्रजी, असा तिहेरी हिशेब येथल्या बापास करावा लागतो. तो हिशेब करून शाळा दूर गेली की बस किंवा स्कूटर आलीच.

मग दुसरी गोष्ट घडते. एकाने मुलास स्कूटरवर आणले की फाटकाशी एक स्कूटर वाढते. पन्नासांनी आणले की तेथे गर्दी होते, आणि पायी येणाऱ्या मुलास रस्ता ओलांडणे कठीण होते. ते पाहून एकावन्नावा पालक म्हणतो, "इतक्या गाड्यांत पोराला पायी कसा पाठवू?" आणि तोही स्कूटर काढतो. प्रत्येकजण आपल्या मुलाच्या रक्षणासाठी दुसऱ्याच्या मुलाची वाट थोडी अधिक धोक्याची करतो. शिवाय पायी जाणारी दहा मुले असतात तेव्हा वाट गजबजलेली असते. ती दोनच उरली की तीच वाट सुनसान होते. शिंप्याच्या दुकानाच्या जागी आता शटर आहे, आणि ते दहा वाजता उघडते.

खेड्यांच्या बाबतीत कारण वेगळे आहे. राज्य परिवहन निगम बंद करण्याचा निर्णय २००५ साली झाला आणि पुढल्या काही वर्षांत निगमच्या गाड्या रस्त्यांवरून नाहीशा झाल्या. खाजगी गाडीवाला प्रवासी पाहून थांबतो. पासवाले विद्यार्थी पाहून तो थांबेलच असे नाही. यावर अधिक लिहीत नाही; बस थांब्यावर उभ्या राहिलेल्या प्रत्येकास ते ठाऊक आहे.

भीती दोन प्रकारची असते, आणि त्यांचे वजन करताना आपण तराजू उलटा धरतो. पहिली भीती वाहनांची. ती खरी आहे. २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मरण पावली. नऊ-दहा वर्षांखालील मुलास येणाऱ्या वाहनाच्या वेगाचा अदमास नीट घेता येत नाही. वेग जितका अधिक तितकी त्याची चूक अधिक. तेव्हा नागपूर-बैतूल महामार्ग पहिलीतल्या पोराने एकट्याने ओलांडावा असे कोणीही शहाणा शिक्षक सांगणार नाही. शाळेच्या बसगाड्यांसाठी सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली वेगमर्यादा, दारांस कुलूप, सोबत मदतनीस असे नियम घालून दिले आहेत. आपल्या मुलाच्या बसमध्ये त्यांपैकी काय आहे, हे किती पालकांनी डोकावून पाहिले? आणि तोच पालक नववीतल्या मुलास स्वतःच्या हाताने मोटरसायकलची किल्ली देतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रकरणी पालकास पंचवीस हजार रुपये दंड व तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पायी जाण्यास लहान आणि मोटरसायकल चालवण्यास मोठा, असे हे विचित्र वय आहे.

दुसरी भीती पोरे पळवणाऱ्यांची. ती वाहनांच्या भीतीहून कितीतरी मोठी आहे, पण तिचा पाया तितका मजबूत नाही. मुलांवरील लैंगिक अत्याचारांची जी प्रकरणे राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाकडे येतात, त्यांत दहांपैकी नऊंहून अधिक वेळा गुन्हेगार मुलाच्या ओळखीचा असतो. म्हणजे धोका रस्त्यावर जितका आहे त्याहून अधिक घराच्या व शेजाराच्या भिंतींआड आहे, आणि तेथे आपण पहारा ठेवीत नाही. उलट, अनोळखी माणसाच्या भीतीने काय होते ते आपल्या महाराष्ट्राने पाहिले आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळवणारी टोळी आली अशी अफवा फोनवरून पसरलेली असताना, भिक्षेसाठी फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांस जमावाने ठार मारले. ते कोणाचेही मूल नेण्यास आले नव्हते. त्या आठवड्यात आमच्याही फोनवर तसलेच संदेश आले होते आणि शिकल्यासवरल्या पालकांनी ते पुढे पाठवले होते, हे नमूद करणे आम्हांस भाग आहे.

मुलींचा प्रश्न मात्र याहून निराळा आहे, आणि या लेखाचे खरे कारणही तेच. काही वर्षांपूर्वी जांब नदीपलीकडच्या एका खेड्यातील मुलगी आमच्या वर्गात होती. आठवीत गणितात पहिली. गावातली शाळा आठवीपर्यंतच, म्हणून नववीस दुसऱ्या गावी जावे लागणार. आम्ही तिच्या वडिलांस भेटावयास गेलो. संत्र्याच्या बागेत काम चालू होते. ते म्हणाले, "सर, पोरगी हुशार हाये, मले मालूम हाये. पन मधात नाला हाये, पावसात रपटा बुडते. थ्या वाटेनं एकटीले कशी धाडू? तुमच्या पोरीले धाडाल का?" आम्ही काहीतरी उत्तर दिले. पुढल्या जूनमध्ये ती आली नाही.

अशा मुलींसाठी सायकल हे किती मोठे साधन आहे, याचा दाखला बिहारमधून मिळतो. तेथे २००६-०७ पासून नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी पैसे देण्यास सुरुवात झाली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी त्याचा अभ्यास केला, तेव्हा योग्य वयात माध्यमिक शाळेत दाखल होणाऱ्या मुलींचे प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढलेले आढळले, आणि ही वाढ मुख्यतः शाळेपासून तीन किलोमीटरांहून दूर असलेल्या गावांत झाली होती. यात ध्यानात घेण्यासारखी गोष्ट अशी की सायकली एकाच वेळी पुष्कळ मुलींना मिळाल्या. एकटी मुलगी सायकलवर निघाली तर गाव बघत राहते; दहा निघाल्या की ती रीत होते. आपल्या मध्यप्रदेशातही दुसऱ्या गावच्या शासकीय शाळेत सहावीत किंवा नववीत जाणाऱ्या, दोन किलोमीटरांहून दूर राहणाऱ्या मुला-मुलींना सायकल मोफत मिळते. ज्या पालकांस हे ठाऊक नसेल त्यांनी प्रवेशाच्या वेळीच शाळेत विचारावे. सायकल येण्यास कधीकधी अर्धे वर्ष निघून जाते, आणि तेवढ्यात मुलीचे नाव पटावरून गेलेले असते.

इतर देशांतही हा प्रश्न सुटला आहे असे नाही. इंग्लंडात १९७१ साली सात-आठ वर्षांच्या दर दहा मुलांतील आठ मुले मोठ्या माणसाशिवाय शाळेत जात. १९९० साली शंभरांत केवळ नऊ उरली. मेयर हिलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही तुलना प्रसिद्ध केली तेव्हा तेथे बरीच चर्चा झाली. तेथे मुलांचे अपघाती मृत्यू घटले होते, आणि सरकार त्यास रस्ते सुरक्षित झाल्याचा पुरावा मानीत होते. हिलमन यांचे म्हणणे असे की रस्ते सुरक्षित झाले नाहीत, मुलेच रस्त्यांवरून काढून घेतली. जपानात मात्र सहा वर्षांची मुले पिवळ्या टोप्या घालून रांगेने शाळेत जातात. पुढे सहावीतला मोठा मुलगा किंवा मुलगी, मधे लहानगी. चौकात शेजारची निवृत्त मंडळी झेंडी घेऊन उभी असतात. ती मुले एकटी जातात असे आपण म्हणतो. पण त्यांच्या मागे आख्खी आळी उभी असते. आमच्या शिंप्याचा ओटा आणि त्यांची झेंडी यांत तत्त्वतः फरक नाही. एवढेच की आपली व्यवस्था आपोआप झाली होती आणि आपोआप मोडली. त्यांनी ती ठरवून ठेवली आहे.

शाळेने मुलाकडे जावे, असाही एक विचार मराठी मुलखात झालेला आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी व पुढे कोसबाड येथे आदिवासी बालकांसाठी काम केले. मुले गुरांमागे जातात म्हणून शाळेत येत नाहीत, असे दिसल्यावर त्यांनी कुरणशाळा काढली. गुरे चरतात तेथेच शिक्षिका गेली. बी.एड.च्या वर्गात हे ऐकले तेव्हा ती एक सुंदर गोष्ट वाटली होती. आज वाटते, त्या दोघींनी पालकांस उपदेश न करता आधी वाट पाहिली, मग शाळा हलवली.

आपल्याकडे मुलांस मोकळे सोडण्याची रीत अगदी नाहीशी झाली असेही नाही. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी चार-पाच वर्षांची पोरे लाकडी नंदी ओढीत घरोघर फिरतात, बोजारा घेतात, अंधार पडल्यावर परततात. नंदीला स्कूटरवर बसवून नेणारा बाप आम्ही अजून तरी पाहिलेला नाही. (त्याच दिवशी पांढुर्णा आणि सावरगावची मोठी माणसे नदीच्या पात्रात गोटमार करीत असतात, तेव्हा जपून कोणी राहावे, हा प्रश्न वेगळाच.)

त्या बागेतल्या प्रश्नाने आमची पाठ सोडली नाही. तुमच्या पोरीले धाडाल का? आमची मुलगी सहावीत होती आणि शाळा घरापासून पाऊण किलोमीटर. आम्ही तिला रोज गाडीवर नेत होतो, कारण आम्हांसही त्याच बाजूला जायचे असे. खरे कारण ते नव्हते. एके दिवशी तीच म्हणाली, "अब्बा, तुम्ही सगळ्यांना सांगता मुलांना पायी येऊ द्या, मग मला का नाही?" घरात दोन दिवस चर्चा झाली. तिच्या दादीने विरोध केला आणि मग स्वतःच मार्ग काढला: गल्लीतल्या चार घरांत जाऊन ती बोलून आली.

सध्या आमच्या गल्लीतून सात मुले एकत्र निघतात. चार मुली, तीन मुलगे. सर्वांत धाकटा तिसरीत. आठवीतली एक मुलगी पुढे असते आणि रस्ता कधी ओलांडायचा ते तीच सांगते. तिचा शब्द शेवटचा, असे ठरले आहे. चौकातल्या पानठेलेवाल्यास आम्ही विनंती केली आहे, तो तेवढी दहा मिनिटे उभा राहतो. पहिल्या आठवड्यात आम्ही शंभर पावले मागे चालत होतो. मुलीने दोनदा वळून पाहिले. दुसऱ्या आठवड्यात दादी पानठेल्यापर्यंत जाऊन परत येऊ लागली. पावसाळ्यात दोन घरांनी मुले पुन्हा स्कूटरवर पाठवली. ऑक्टोबरात त्यांतले एक परत आले. नदीपलीकडच्या त्या गावातून यंदा नववीत तीन मुली आल्या आहेत, तिघी सायकलीने. रपट्यावर पाणी आले की त्या अलीकडच्या गावी कोणाच्या तरी घरी थांबतात, आणि तसा फोन आम्हांस येतो.